चालून दाखव

।। श्री ।।

घोडेगाव, ता. नेवासा
शनिवार, ११ जानेवारी २०२५

सौ. मालन हीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहिन्यास कारन की तू फोन घेत न्हाईस. तुला नगरला जाऊन महिना झाला. स्नेहलला लावला की पोरगी सांगती, आई म्हनती फोनवर आन्नांचाच आवाज चालतो, काय बोलायचं ते कागदावर लिहा म्हनावं, म्हंजी मलाबी माझं पुरं बोलता यील. घ्या! पस्तीस वर्सं संसार झाल्यावर बायकूला पत्र लिहायची पाळी आली. पोस्टात पाकीट मागितलं तर पोस्टमन भीमा माझ्या तोंडाकडंच बघत ऱ्हायला. सातवीनंतर मी पत्र कसलं ते लिहिलेलं न्हाई. चुकलंमाकलं तर हसू नको. हसलीस तरी चालंल.

हितं सगळं बरं हाय. रतनबाई सकाळी येऊन चार म्हशी काढती, चार मी काढतो. काळी काय मला दाद देत न्हाई. तुझ्याबिगर पान्हावतच न्हाई, मी बसलो की पाय झाडती. शेवटी तुझं जुनं पातळ खांद्यावर टाकून बसलो तवा कुठं तिनं दूध सोडलं. नेमकं रतनबाईनं बघितलं, आन् आता सगळ्या आळीला म्हाईत हाय की जनावरांचा दलाल पातळ नेसून धार काढतो.

स्नेहल म्हनली तुझ्या टाचंला शॉक देनार हायत. माझा तर जीवच उडाला. शॉक म्हंजी करंटच की. करंट लागून बैल जागच्या जागी बसलेला मी बघितलाय. टाच दुखती म्हनून कोन करंट लावून घेतं का, मालन? त्यापरीस घरी ये.

बिब्ब्याचं तुझ्या मनात हाय, हे मला कळतं. पन बिब्बा मी काय वैरी म्हनून लावला न्हवता. लंगड्या बैलाच्या सांध्याला बिब्ब्याचा चटका देऊन मी किती जनावरं उभी केली, ती तू डोळ्यांनी बघितलीस. मानसाचं कातडं नाजूक, तुला तो असा उतंल, टाचंला फोड येऊन पू धरंल, असं ध्यानातच आलं न्हाई. चुकलं. झालं आता.

तू कवा येनार तेवढं लिही, बाकी काय न्हाई लिहिलंस तरी चालंल. तुझा लोभ हाय का आटला ते हितून कळंना, पन असू दे ही विनंती.

कानिफनाथ


अहिल्यानगर, सावेडी
१६ जानेवारी २०२५

ती. आण्णांस,

स्नेहलचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आईला पोचलं. तिनं दोनदा वाचलं, काळीच्या गोष्टीला पोट धरून हसली आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. उत्तर लिहीन म्हणाली, कधी ते सांगितलं नाही. म्हणून मधल्या मधे मीच लिहिते आहे.

आधी शॉकचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. करंटचा काही संबंध नाही. तळपायाचा एक जाड पडदा टाचेच्या हाडाला धरून असतो, तो वर्षानुवर्षं ताणून ताणून आईच्या टाचेत दुखणं मुरलंय. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना म्हणूनच तिला टाचेत खिळा शिरल्यासारखं होतं. यंत्राला एक पिस्तुलासारखी मूठ असते, तिचं टोक टाचेला जेल लावून टेकवतात आणि ते भराभरा ठोके देतं. त्या ठोक्यांच्या लाटा आत दुखऱ्या जागेपर्यंत जातात आणि तिथलं थांबलेलं भरून येणं पुन्हा सुरू होतं, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यातून एकदा, असं पाच वेळा करायचं. पहिली वेळ नेमकी संक्रांतीला आली. दोन हजार ठोके दिले.

ठोके चालू असताना यंत्र चालवणाऱ्या अंजुम मॅडमनी आईला विचारलं, दहापैकी किती दुखतंय. आई म्हणाली, सहन होतंय. मॅडम म्हणाल्या, सहन होतं का हे मी विचारलं नाही, किती दुखतं ते विचारलं. आईला आकडाच सांगता येईना, आण्णा. बऱ्याच वेळानं आठ म्हणाली, आणि तेही अशा आवाजात की जणू चोरी केली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं.

आता जे लिहायला नको वाटतं ते. हे उपचार डिसेंबरातच सुरू व्हायचे होते. पण डॉक्टरांनी टाच बघितली आणि कातडी भरून आल्याशिवाय यंत्र लावता येणार नाही म्हणाले. हे कशानं भाजलं, असं त्यांनी विचारलं. आईनं सांगितलं, उतू गेलेलं दूध पायावर सांडलं. दूध सांडलं तर ते टाचेखाली कसं जाईल? अंजुम मॅडमनी आईकडे बघितलं. गावाकडच्या किती टाचांवर त्यांनी बिब्ब्याचे असे काळे डाग बघितले असतील. आई मान खाली घालून बसली आणि मीही शेजारी बसून ते खोटं तसंच चालू दिलं. बिब्ब्यापायी तिचा एक महिना फुकट गेला, आणि वर ती तुमच्यासाठी खोटंही बोलली.

तुम्हाला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. गणपतीत तिनं मला फोनवर सांगितलं होतं की टाच फार दुखते. मऊ चप्पल घे, एवढं बोलून मी दुसरा विषय काढला. इथून घोडेगाव तासाभराचं आहे, आले नाही. मला त्या दिवशी दवाखान्यात तुमच्यापेक्षा माझीच लाज वाटली.

तुम्हाला टोचायचं म्हणून लिहिलं नाही, तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. राग आला तर माझ्यावर काढा, तिच्यावर नको. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
स्नेहल


घोडेगाव
सोमवार, २० जानेवारी २०२५

सौ. मालन हीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. स्नेहलचं पत्र आलं. दुधाचं वाचलं. माझ्यापायी तुझ्या उपचाराला महिना उशीर झाला आन् वर चार जनांसमोर माझी अब्रू झाकायला तू खोटं बोललीस, हे वाचून मला जेवन गेलं न्हाई. रतनबाई भाकरी ठेवून गेली हुती, ती तशीच झाकून ठेवली.

डाक्टरला मी तोंडानं सांगीन. तू म्हनशील त्या मंगळवारी येतो, सांगतो की बिब्बा मी लावला, ती नको म्हनत हुती, मी पाय धरून लावला. मग तरी तुझं मन निवंल का?

आनखी एक सांगायचं हाय. काल चुलीपुढं झाडायला गेलो तर पोत्याची जाड घडी सापडली. चार पदरी, मधी कापूस घालून शिवलेली. टाचंखाली फरशी टोचू नये म्हनून तू करून ठेवलेली. हीच घडी मी पायात येती म्हनून दोनदा उचलून बाहेर फेकली हुती. तू कायबी न बोलता परत आनून टाकलीस. मला वाटायचं बाईला पसाऱ्याची सवय हाय. आता तिच्यावर उभा ऱ्हाऊन चहा करतो आन् शरमतो.

बिब्ब्याची माफी मी हात जोडून मागतो. अक्षर वाईट हाय पन मन खोटं न्हाई. आता तरी कवा येनार ते लिही. चूक कबूल केली की मानसानं मोकळं व्हावं, असं मला वाटतं. तुझं काय मत ते कळव आन् मायेत खाडा पाडू नको.

कानिफनाथ


नगर
बुधवार, २९ जानेवारी २०२५

स्नेहलच्या आण्णांना,

सा. न. वि. वि. दोन्ही पत्रं मिळाली. चरणी असं लिहायची रीत आहे, पण सध्या पायांचा विषयच नको झालाय, म्हणून नुसताच नमस्कार. तीन वेळा ठोके झाले. ठोके देताना लई दुखतं, पण तिसऱ्यानंतर सकाळी उठल्यावर भिंत न धरता मोरीपर्यंत गेले. काळीला सांगा, पातळ माझं असलं तरी हात माझे नाहीत, हे तिला ठाऊक आहे. ती फक्त तुमच्यावर उपकार करते आहे. सकाळी तिला सरकी थोडी जास्त घाला.

दवाखान्यात तुम्ही येऊ नका. बिब्ब्याचं मी स्वतः काल सांगितलं. खोटं मी बोलले होते, ते मीच निस्तरणार. डॉक्टर रागावले नाहीत. अंजुम मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेवढंच.

आता नीट वाचा. बिब्ब्याचा मला राग नाही. कधीच नव्हता. आग झाली, रात्रंदिवस ठणका लागला, पण त्या वेळी तुमचा जीव माझ्या दुखण्यात होता. तुम्हाला जे येतं ते तुम्ही केलं. त्याची माफी तुम्ही मागता, ती मी घेतली. पण मी घर सोडून इथं आले ती बिब्ब्यामुळं नाही. कशामुळं, हे तुम्हाला आठवतं का ते बघत होते. दोन पत्रांत तुम्ही बिब्ब्यावरच अडलात, म्हणून मलाच लिहावं लागतंय.

दसऱ्यानंतरचा शुक्रवार. बाजार उठल्यावर पाथर्डीचे सहादेव आणि आपले काकासाहेब अंगणात आले होते. सहादेवला म्हैस दाखवायची होती. तुम्ही ती फाटकापासून हौदापर्यंत चालवली, कडक जमिनीवर, पाय बघा म्हणून. मग सगळे ओट्यावर बसले. मी चहा आणायला उशीर केला. का उशीर, म्हणून तुम्ही चारचौघांत विचारलंत. टाचेनं उभं राहवत नाही, असं मी हळूच सांगितलं. तुम्ही हसून म्हणालात, चालून दाखव.

मला वाटलं थट्टा आहे. पण तुम्ही हात केलात, फाटकाकडं जा म्हणून. जनावराला करता तसाच. आणि मी गेले हो. चहा देऊन रिकामा झालेला ट्रे हातात तसाच, फाटकापासून हौदापर्यंत आणि परत. परक्या माणसांसमोर लंगडू नये म्हणून टाच पूर्ण टेकवत चालले. डोळ्यांत पाणी आलं ते आत ओढलं. तुम्ही दोघांना सांगितलंत की चाल सरळ आहे, खोट काही नाही. काकासाहेब म्हणाले, दात पण बघून घ्या, वय कळेल. तुम्ही म्हणालात, दात जुळून म्हातारी झालीय कधीच, आता बाजारात उठाव नाही. तिघंही हसलात. मी आत गेले आणि कपबश्या विसळल्या.

ट्रे मी आधी खाली का ठेवला नाही, कशाला गेले, तिथंच का नाही म्हटलं, याचा विचार करून करून माझी मलाच किळस येते. स्नेहलला यातलं काही माहीत नाही. लेकीला कोणत्या तोंडानं सांगू?

घरी कधी येणार हे मला माहीत नाही. येणार का, तेही नाही. आधी तुम्ही लिहा, तो शुक्रवार तुमच्या ध्यानात आहे का. खरं लिहा. गोड लिहू नका.

प्रकृतीला जपा, शिळं खाऊ नका. आपुलकी राहावी असं मी लिहायचं की तुम्ही, हे तुमच्या उत्तरावर आहे.

सौ. मालन


घोडेगाव
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

सौ. मालन हीस,

वि. वि. आशीर्वाद लिहायला हात उचलंना, तेवढं आज सोडून दे.

तुझं पत्र येऊन आठ दिस झाले. पयल्या दिशी मी एक उत्तर लिहिलं. त्यात लिहिलं की मला तो शुक्रवार आठवत न्हाई, रोज लोक येत्यात, थट्टामस्करी होती, तू मनाला लावून घेतलंस. पाकिटात घातलं, डिंक लावला. मग भीमाच्या पेटीपर्यंत गेलो आन् परत आलो. चुलीत घातलं.

मला आठवतं. सगळं आठवतं. तुझा ट्रेसुदिक.

तू खरं लिही म्हनलीस, तर लिहितो. मी पस्तीस वर्सं जनावराचा पाय बघतो. कोनत्या पायावर भार कमी देतंय, ते मला चाळीस पावलांवरनं दिसतं. लोक त्याच्यासाठीच माझ्याकडं येत्यात. तू फाटकापासून निघालीस तवा दुसऱ्याच पावलाला मला दिसलं. डावी टाच टेकली की तुझा खांदा दचकत हुता. हौदाजवळ वळताना तू उजव्यावर वळलीस. लंगडत हुतीस, मालन. कच्चं दुखनं न्हवतं, जुनं मुरलेलं हुतं. मला दिसलं हुतं.

आन् मी चाल सरळ हाय म्हनालो.

का म्हनालो ते स्वतःला विचारतोय. एक तर चार लोकांत दलालाच्या घरात खोट निघाली, हे मला नको हुतं. सहादेवला मी त्याच घटकेला म्हैस निरोगी म्हनून दिली हुती. पन ते बी खरं कारन न्हाई. खरं कारन असं की तू लंगडी हाईस हे मी तोंडानं म्हनलो असतो, तर दुसऱ्या दिशीपासनं आठ म्हशींची धार, शेन, वैरन कोन करनार हुतं? मला करावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी सरळ म्हनालो. वर दातांचं बोललो. हे कुनाला सांगायजोगं हाय का? माझ्यावर मलाच थुंकावं वाटतं.

बिब्बा पन त्याच्यापायी लावला. दिसलं हुतं ना, मग मनाला टोचत हुतं. डाक्टरकडं नेलं तर लोकांत कळंल, म्हनून घरातच चटका दिला. तू म्हनलीस त्या वेळी माझा जीव तुझ्या दुखन्यात हुता. अर्धाच हुता. अर्धा माझ्या लाजेत हुता. बिब्ब्याची माफी तू दिलीस, ती परत घे.

काल बाजार हुता. सहादेव आन् काकासाहेब दोघं रसवंतीपाशी भेटले. दोघांना म्हनलो, त्या दिशी माझी बायकू लंगडत हुती, मला दिसत हुतं, मी तुमच्यासमोर खोटं बोललो. काकासाहेब हसाया लागले, म्हनले दलाल, सकाळीच घेतली का काय. सहादेव हसला न्हाई. तो म्हनला, आमाला बी दिसलं हुतं की. मी त्याच सांजेला घरी बोललो, दलालाची बायकू पायानं गेलीय आन् ह्यो सरळ म्हनतोय. तवापासनं तुमच्या शब्दावर म्हैस घेत न्हाई मी, दुसऱ्याला दाखवून घेतो.

चार म्हैने सहादेव माझ्याकडं का येत न्हवता, ते काल कळलं. धंद्याचं जाऊ दे. पन त्या अंगनात तिघांनाबी दिसत हुतं आन् तिघंबी हसलो. तू एकटी सरळ चालायचं बघत हुतीस. त्यानंतर रसवंतीपाशी मला उभं ऱ्हावंना. बाजार अर्धा टाकून घरी आलो.

तू कवा येनार, हे आज विचारत न्हाई. विचारायचा हक्क माझा ऱ्हायला न्हाई. दुखनं कमी असावं एवढीच इच्छा. लोभ ठेव असं लिहायला तोंड न्हाई, म्हनून ती जागा मोकळी सोडतो.

कानिफनाथ


नगर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

स्नेहलच्या आण्णांना,

सा. न. वि. वि. पत्र काल ठोके घेऊन आल्यावर वाचलं. मग पाय वर ठेवून पुन्हा वाचलं. स्नेहल काय लिहिलंय म्हणून विचारत होती. म्हशींचं आहे, म्हणून सांगितलं. तिला मी सांगेन, पण माझ्या वेळेनं.

तुम्हाला दिसलं होतं, हे मला त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. हौदापाशी वळताना मी वर बघितलं, तेव्हा तुमची नजर माझ्या डाव्या टाचेवर होती. मी बघतेय म्हटल्यावर तुम्ही ती काढून चहाच्या कपात घातली. तुम्हाला दिसलंच नसतं, तर मी दुसऱ्या दिवशी विसरून गेले असते. आंधळ्यावर कोण रुसतं? दिसून तुम्ही सरळ म्हणालात, ते मला लागलं. चार महिने मी ह्या एका ओळीची वाट बघत होते. फोनवर ती तुमच्या तोंडून कधीच आली नसती. तुम्ही आवाज चढवला असता, मी गप्प बसले असते आणि झालं असतं.

आता माझं एक. तुम्ही सगळं लिहिलंत तर मीही लपवत नाही. मी त्या दिवशी टाच दाबून सरळ चालले ती परक्यांच्या लाजेनं, असं मागच्या पत्रात लिहिलं. ते अर्धंच खरं. फाटकापाशी गेल्यावर माझ्या मनात आलं की आपण लंगडलो तर ह्यांच्याच घरात खोट निघेल, बाजारात ह्यांना कोण विचारेल. म्हणून मी टाच टेकवली. तुम्ही खोटं बोललात, पण ते खरं करून दाखवायला चालले मीच. दवाखान्यात दूध सांडलं म्हणाले, तेही तसंच. बाईमाणसाला ह्याची एवढी सवय असते की खोटं बोलतोय हेसुद्धा ध्यानात येत नाही. ह्या वयात मला त्याची लाज वाटायला लागली, हे एक बरं झालं.

मागच्या मंगळवारी यंत्र बंद होतं, म्हणून चौथी वेळ काल झाली. मॅडमनी दहापैकी किती म्हणून विचारलं आणि मी लगेच पाच म्हणाले. आता आकडा चटकन येतो. पुरता गुण आला की नाही हे बारा आठवड्यांनी कळतं, असं डॉक्टर म्हणतात. टाचेचं बारा आठवड्यांत कळेल. तुमचं किती आठवड्यांत कळेल ते मी आत्ता सांगत नाही, आणि हसूही नका. धार ह्यापुढं निम्मी तुमची. मी बरी झाले तरी निम्मी तुमची. रतनबाईला तसं सांगून ठेवा, म्हणजे साक्षीदार राहील.

तुम्ही कधी येणार म्हणून विचारलं नाहीत, म्हणून सांगते. अठरा तारखेला, मंगळवारी, पाचवी आणि शेवटची वेळ आहे. तुम्ही या. अकरा वाजता दवाखान्याच्या दाराशी थांबा. ठोके घेतल्यावर तासभर टाच हुळहुळी असते, तेव्हा मी लंगडत बाहेर येईन. आता लपवून चालायचं नाही, असं ठरवलंय. तिथून स्टँडपर्यंत पायी जाऊ. रिक्षा करू नका. मागं राहून माझा पाय बघू नका, शेजारून चाला, माझ्या चालीनं. घोडेगावची गाडी धरायची की स्नेहलकडं परत फिरायचं, हे मी स्टँडवर पोचल्यावर सांगेन. रस्त्यात आपल्या बाजूची माणसं भेटतील, बघतील. कुणी विचारलं तर बायको लंगडते, हे तुमच्या तोंडानं सांगा.

तुम्ही पत्रात मोकळी सोडलेली जागा मी बघितली. लोभ होता, म्हणून तर एवढं लागलं.

सौ. मालन